दुसऱ्या कोपऱ्यातला पाट

बाई,

आपला पेपर बंद झाला. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या मुलांना येत्या वर्षापासून सर्वसाधारण समतोल शिकता येणार नाही, कारण तो अभ्यासक्रमातच नसेल. त्याच्या जागी डेटा ॲनालिटिक्स येतंय. त्यासाठीची खोली रंगवूनसुद्धा झाली होती. म्हणजे निर्णय आधी झाला आणि बैठक मागाहून, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "रंग तरी बरा दिलाय ना?" फिकट हिरवा दिलाय, बाई. इस्पितळात देतात तसा.

बैठकीत कुणी वावगं बोललं नाही, हेच मला सलतंय. भांडायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. विभागप्रमुख माझ्याहून खूप लहान आहेत, स्वभावाने सज्जन. म्हणाले, "मॅडम, पर्सनली मला हा पेपर फार आवडायचा, पण डिमांडच नाहीये ना. यंदा तुमच्याकडे एकच मुलगी आहे." मागणीच्या सिद्धान्तावर उभा असलेला पेपर मागणी नाही म्हणून बंद करतायत, याचं मला हसू आलं. बाकी कुणाला आलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की मुलांना नोकऱ्या मिळतील, खोली वापरात येईल, माझा वर्कलोड हलका होईल, तशीही माझी निवृत्ती जवळ आलीये. "कुणाचंच नुकसान नाही, मॅडम." बाई, मी तिथे बसून ते खरोखर तपासून पाहिलं. सवय जात नाही. ज्या बदलाने कुणाचंच बिघडत नाही आणि कुणाचं तरी सुधारतं, त्या बदलाला विरोध करायला आपल्या शास्त्रात जागा नाही. हे तुम्ही मला शिकवलंत आणि मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. मी टेबलाभोवतीच्या एकेकाकडे बघितलं आणि कुणाचं बिघडतंय ते शोधलं. तुमचं बिघडत होतं, पण तुम्ही हयात नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या एखाद्या मुलीचं बिघडत होतं, पण ती अजून आलेली नव्हती. जे बाजारात हजर नाहीत त्यांना आपण कधी धरत नाही. सगळ्यांचे हात वर गेले, त्यात माझाही गेला. नंतर सामोसे आले, मी तेही खाल्ले.

तुम्ही मला पहिल्यांदा घरी बोलावलंत तो दिवस तेव्हापासून सारखा आठवतोय. वर्गात तुम्ही सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचात, उशिरा येणाऱ्यालासुद्धा: "या, आपल्यासाठीच थांबलो होतो." त्या दिवशी फळ्यावर तुम्ही ती चौकट काढली होतीत. माणसं दोन, वस्तू दोन, तांदूळ आणि दूध. चौकटीची रुंदी म्हणजे जगातला सगळा तांदूळ आणि उंची म्हणजे जगातलं सगळं दूध. पहिला माणूस खालच्या डाव्या कोपऱ्यातून आपला वाटा मोजतो, दुसरा बरोबर समोरच्या, वरच्या उजव्या कोपऱ्यातून. चौकटीत कुठेही टिंब द्या, ती त्या दोघांमधली एक वाटणी झाली. मी हात वर केला आणि विचारलं, की टिंब थेट दुसऱ्याच्या कोपऱ्यातच पडलं तर? म्हणजे पहिल्याकडे सगळं आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. तुम्ही म्हणालात, "तोही कार्यक्षम बिंदू." मी म्हटलं, "पण दुसरा उपाशी मरेल." "मरेल. पण पहिल्याचं काही काढून घेतल्याशिवाय त्याला जगवता येत नाही, आणि कुणाचं काही बिघडवायचं नाही असं आपणच वर लिहून ठेवलंय." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. खडू ठेवलात, हात झटकलेत आणि मला म्हणालात, "असं विचारणाऱ्याला फळ्यावरून उत्तर देता येत नाही. रविवारी घरी या."

विश्रांतवाडीहून कोथरूडला तेव्हा बस बदलून यावं लागे. मी माझा एकुलता एक चांगला ड्रेस घालून तुमच्या दारात उभी आहे. बाहेरच्या खोलीत तुमच्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचा नुकताच डोळा लागलाय. तुम्ही ओठांवर बोट ठेवून मला आत नेता, आणि आत म्हणजे थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर कुकर, खाली शहाबादी फरशी, आणि फरशीवर समोरासमोर मांडलेले दोन पाट. मधली मोठी फरशी तुम्ही ओल्या फडक्याने पुसून ठेवलेली. तुम्ही अलीकडच्या पाटावर बसता आणि मला पलीकडचा दाखवता. "बस. तू दुसरी." कॉलेजातलं 'तुम्ही' उंबऱ्याबाहेरच राहिलंय. मला बसवत नाही. वाटतं, काहीतरी चुकतंय, आत्ता कुणीतरी येऊन म्हणेल, अगं, इथे नाही, बाहेर. तुम्ही खडूने फरशीच्या कडा गिरवत असता. वर न बघता म्हणता, "उभ्याने समतोल साधत नाही. बस बघू आधी." आणि मी बसते.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कुठं बसवलं म्हणतीस?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." "वट्यापाशी?" "ओट्यापाशीच. चहाही तिथेच दिला. मी कप विसळायला उठले तर म्हणाल्या, राहू दे, माझ्या नळाचं पाणी बेताचं येतं." बाबा भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे बघत राहिले. दुसऱ्यांची स्वयंपाकघरं आणि दुसऱ्यांचे पाणवठे यांच्या गोष्टी मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकल्या होत्या, त्यांतली एकही चांगली नव्हती. पुढच्या रविवारी माझ्या ड्रेसला बाबांनी स्वतः इस्त्री केली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी केली. हे मी तुमच्याशी कधी बोलले नाही आणि तुम्हीही तो विषय काढला नाहीत. मला तुम्ही मुद्दाम तिथे बसवलंत, की बाहेर सासूबाई झोपल्या होत्या आणि सगळ्यांत मोठी फरशी नेमकी ओट्यापाशी होती, एवढंच? तुम्ही गेल्यावरही हा प्रश्न माझ्यापाशी राहिला. विचारला असता तर तुम्ही म्हणाला असतात, "फरशी मोठी होती." आणि मला ते पुरलं नसतं.

तुम्ही एकदाच माझ्यावर ओरडलात. एखाद्या माणसाला सारखंच समाधान देणाऱ्या सगळ्या वाटण्या जोडल्या की एक वाकलेली रेघ मिळते, आणि तिचं पोट नेहमी तिच्या मालकाच्या कोपऱ्याकडे असतं, हे तुम्ही आधल्या रविवारी शिकवलं होतंत. तुम्ही तुमची रेघ काढलीत आणि म्हणालात, "आता तुझी काढ." मी काढली, आणि तिचं पोट तुमच्या कोपऱ्याकडे गेलं. ही चूक आमच्या विषयात बरेच जण करतात. दुसऱ्या माणसाच्या रेघा पहिल्याच्या जागेवरून काढून मोकळे होतात, परीक्षेत थोडे गुण जातात आणि विषय मिटतो. पण मी तर दुसऱ्या माणसाच्या जागेवरच बसले होते. "तू कुठे बसली आहेस?" तुम्ही इतक्या मोठ्याने विचारलंत की बाहेर सासूबाईंना जाग आली. मी म्हटलं, "इथे." "मग रेघ तिकडून कशी आली? स्वतःच्या पाटावर बसून माझ्या डोळ्यांनी कशाला बघतेस? पूस ते." मी तळहाताने पुसायला लागले. "हाताने नाही, फडक्याने. आणि नीट पूस, मागे काही राहता कामा नये." मी रडत पुसलं आणि रडतच पुन्हा रेघ काढली. या वेळी तिचं पोट माझ्याकडे आलं. तुम्ही "हं" म्हणालात, उठलात आणि कुकरखालचा गॅस बारीक केलात.

धीर चेपल्यावर एका रविवारी मी विचारलं, की सुरुवातीचं टिंब कोण देतं? देवाणघेवाण सुरू व्हायच्या आधी कुणाकडे किती तांदूळ आणि किती दूध, हे कोण ठरवतं? तुम्ही म्हणालात, "ते दिलेलं असतं." "कुणी दिलेलं?" "ते या पेपरात नाही." "मग कुठल्या पेपरात आहे?" तुम्ही फडक्याने फरशीची एक कड पुसलीत. मग म्हणालात, "कुठल्याच नाही. चहा घे, निवतोय." तेव्हा मला वाटलं तुम्ही टाळलंत. मी पुढचं सगळं आयुष्य तो पेपर शोधण्यात घालवलं, म्हणून आता सांगते, तुम्ही खरंच बोलला होतात. आपला सिद्धान्त म्हणतो, सुरुवातीचं टिंब हवं तिथे सरकवा आणि मग बाजाराला मोकळं सोडा, तो तुम्हाला हव्या त्या न्याय्य जागी बरोबर नेऊन पोचवेल. किती देखणं आहे ते! फळ्यावर सिद्ध करताना दर वर्षी माझा आवाज चढायचा. आणि दर वर्षी खिडकीबाहेर पुणं वाढत होतं, टेकड्यांच्या पोटात इमारती शिरत होत्या, आणि टिंब होतं तिथेच होतं. हललंच असेल तर कोपऱ्याकडे. ते कुणी सरकवणार नाही, हे मला फार पूर्वी कळून चुकलं होतं. तरी शिकवत राहिले, देवावरचा विश्वास उडालेला माणूस रोजची पूजा उरकतो तशी. ही उपमाही उसनीच, आमच्या घरात पूजा कधी नव्हतीच.

मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले, तर तुम्ही तो पलीकडचा पाट वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवला होतात. "ने. आमच्याकडे आता खाली कुणी बसत नाही." बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने विचारलं, "ताई, घरात लग्न निघालंय का?" मी हो म्हणून टाकलं. आणि तुमची शेवटची भेट इस्पितळात. आवाज खोल गेला होता, जिभेची धार शाबूत होती. "पेपर चालू ठेव." मी म्हटलं, "मुलंच आली नाहीत तर?" "भिंतीला शिकव. भिंत निदान मधेच उठून जात नाही." मी हसत हो म्हटलं. ठेवला बाई, एवढी वर्षं चालू ठेवला. सकाळचा पहिला तास, जो कुणालाच नको असतो, तो मागून घेतला. कधी बाकं भरली, कधी दोन-तीन मुलं, आणि यंदा ती एक.

ती भंडाऱ्याकडची आहे. कात्रजला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि दुपारनंतर एका आयटी कंपनीत फोन घेते. सकाळी माझ्या तासाला येते तेव्हा तिचे डोळे तारवटलेले असतात, पण झोपत नाही. परवा शेवटचा तास होता. पेपर बंद झाल्याचं मी तिला सांगितलं, ती "अय्यो" म्हणाली आणि वही उघडली. मी चौकट काढली. टिंब दुसऱ्याच्या कोपऱ्यात दिलं, मुद्दाम नाही, ओघात आलं. ती म्हणाली, "मॅडम, हा सेकंड पर्सन कॉर्नरवर आहे, म्हणजे त्याच्याकडे झीरो. बरोबर ना?" "बरोबर." "आणि याला पण आपण इक्विलिब्रियम म्हणतोय." "म्हणतोय." "पण मॅडम, पहिला हलत नाही कारण तो सॅटिस्फाइड आहे. दुसरा हलत नाही कारण त्याच्याकडे द्यायलाच काही नाहीये. तो नुसता बसलाय. मग दोघांच्या बसण्याला सेम वर्ड कसा काय?"

बाई, माझ्या हातात खडू होता. तो ठेवायचा, हात झटकायचे आणि म्हणायचं, रविवारी घरी या. एवढंच करायचं होतं, तेवढी एक रीत तुम्ही घालून दिली होतीत. मी म्हटलं, "छान प्रश्न आहे." उत्तर नसलं की मास्तर लोक हेच म्हणतात. तास संपला. खाली पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, लेक्चर्स संपली तरी संडेला तुमच्याकडे येऊ का? एक्झामसाठी नाही, असंच. त्या दुसऱ्या कोपऱ्यातून मला अजून नीट दिसत नाही." मी हेल्मेटचा पट्टा लावत म्हटलं, "बघू." पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो हे भंडाऱ्याच्या पोरीला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती "थँक्यू मॅडम" म्हणून बसस्टॉपकडे पळाली.

आज रविवार. ती येणार नाही, तिला बोलावलेलंच नाही. तरी सकाळी मी माळ्यावरून पाट काढला. माझ्या स्वयंपाकघरात चकचकीत टाइल्स आहेत, त्यांच्यावर खडू घसरतो, म्हणून पाण्यात बुडवून घेतला. पलीकडे पाट मांडला आणि अलीकडे मी नुसत्या जमिनीवर बसले, तुमच्या जागी. इतक्या वर्षांत त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. चौकट काढली, दोघांच्या रेघा काढल्या. त्या माझा हात झोपेतही बरोबर काढील. मग पलीकडच्या बाजूची नावं लिहायला घेतली. पाटावर बसणारीला ती सुलट दिसायची तर मला ती उलटी लिहायला हवीत. 'तांदूळ' लिहून बघितलं. शिरोरेघ खाली गेली, काना भलत्याच बाजूला आला, अनुस्वार द्यायला जागाच सापडेना. पुसून पुन्हा लिहिलं. उठून पाटाकडे गेले आणि वाचलं, तर काही अर्थ लागेना. 'दूध' त्याहून वाईट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही सगळं माझ्या बाजूने लिहायचात. नुसती नावं नाहीत. आकडे, बाण, 'समजा', 'परंतु', 'म्हणून', अख्खी मांडणी तुमच्याकडून उलटी, माझ्याकडून सुलट. मी त्या पाटावर बसून वाचत जायची आणि मला वाटायचं, लिहिलेलं हे सुलटच असतं. तुम्ही कधी अडखळलात असं मला एकदाही आठवत नाही. म्हणजे सराव केला असणार. सासूबाईंचं सगळं आटोपल्यावर, एकट्याच, त्याच फरशीवर बसून, लिहायचं, उठून पलीकडे जाऊन वाचायचं आणि परत पुसायचं. फरशी मोठी आहे म्हणून कुणी उलटं लिहायला शिकत नाही, बाई. मला उत्तर मिळालं आणि ते सांगायला आता बाबाही नाहीत. मी तिथेच बसून मोठ्याने रडले, शेजारच्यांना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुम्ही उलटं लिहायला शिकलात, कारण पलीकडे बसलेलीला स्वच्छ दिसलं तर पुढे काहीतरी हलेल असं तुम्हाला वाटत होतं. मला स्वच्छ दिसलं. काही हललं नाही. पलीकडून बघणारी एवढी एक तुम्ही तयार केलीत, आणि तिने त्या बैठकीत सगळ्यांबरोबर हात वर केला. आता त्या पोरीला पाटावर बसवून मी काय दाखवू? ती कुठे बसलीये ते तिला आधीच दिसतंय, म्हणून तर तिने तो प्रश्न विचारला. अक्षर सरावाने जमेल, गुडघ्यांचंही काही कारण सांगणार नाही. तुम्हाला जे वाटत होतं ते मला वाटत नाही, आणि ते नसताना नुसतं उलटं लिहून काय होणार? 'बघू' म्हटलं ते त्यामुळे. वेळ तर माझ्याकडे आता भरपूर आहे.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, तिथे उंच टॉवर उभा राहिलाय, आणि तुमचं स्वयंपाकघर होतं त्या जागी गाड्या लावतात. मघाशी फरशी पुसून टाकली, फडक्याने, मागे काही राहणार नाही अशी. पाट तेवढा अजून उचललेला नाही.